हलका हात

१

सकाळी उठलं की आधी मी दोन्ही हात गरम पाण्याच्या टबात घालून बसायचे. दहा मिनिटं. त्याशिवाय बोटं मिटायचीच नाहीत. सहा वर्षं हा नेम होता. उजव्या तर्जनीचं मूळ, त्याच हाताच्या मधल्या बोटाचं मूळ, डाव्या अंगठ्याचं मूळ, डावं मनगट आणि डाव्या करंगळीचं मधलं पेर, अशा पाच जागा. त्या पाचांशी माझी इतकी ओळख झाली होती की डोळे उघडायच्या आधी मी त्यांची हजेरी घ्यायचे. आज कोण जास्त फुगलंय, कोण जरा नरम आहे. संधिवात. औषधं चालू होती, पण औषधांचं आणि दुखण्याचं आपसात काहीतरी ठरल्यासारखं होतं. दोघंही मुक्कामाला.

मी हॉस्पिटलच्या तळघरात, स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. एकोणीस वर्षं झाली. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध टोचायचं, त्याला तासभर अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवायचं आणि मग यंत्रात सरकवायचं. औषध शरीरात जिथे जाऊन बसेल तिथे पडद्यावर उजेड दिसतो. माग काढणारं औषध म्हणून त्याला ट्रेसर म्हणतात. त्या वर्षी एक नवा ट्रेसर आला होता. त्याला अजून नावही नव्हतं, नुसता आकडा होता. तो फक्त दाह शोधायचा. बाहेरून त्वचा गुळगुळीत आणि आत कुठे सूज धुमसतेय, तर हा बरोबर तिथे जाऊन चिकटणार, असा दावा होता. तो पडताळायला दहा रुग्ण हवे होते आणि दहा निरोगी माणसं. प्रत्येक निरोगी माणसाची तपासणी दोनदा, तीन आठवड्यांच्या अंतरानं.

रुग्णांची रांग लागली. निरोगी माणसं सहा मिळाली आणि गाडी अडली. चांगल्या धडधाकट माणसाला ये आणि सुई टोचून घे म्हटलं, तर तो का येईल?

या चाचणीच्या प्रमुख डॉक्टरबाई एका सकाळी म्हणाल्या, "घरचं कुणी आहे का हो?"

"आहे ना. माझी धाकटी बहीण," मी म्हटलं. "तिला आयुष्यात कधी काही झालेलं नाही."

हे मी कुठल्या आवाजात म्हटलं कोण जाणे. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

२

चिमी एक्केचाळीस वर्षांची आहे, तरी चिमीच. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि पाळण्यात होते तेव्हापासून ताई असल्यासारखी ताई. चिमीचं केस कापायचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. बायका तिच्याकडे तीन-तीन आठवडे आधी वेळ घेतात. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणतात. आईही म्हणते. वडील गेल्यावर आई कुणाकडे राहणार हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. तिची बॅग सरळ चिमीकडे गेली. माझ्या घरी मी एक खोली रंगवून ठेवली होती. नंतर तिथे इस्त्रीचं टेबल टाकलं.

चिमीवर रागावता येत नसे, हेच खरं दुखणं होतं. ती प्रेमळ होती. ती आली की माझ्याच घरातली माणसं तिच्याकडे खुर्च्या वळवून बसायची, आणि ती मला हाक मारून म्हणायची, "ताई, ये ना, तूही बस." माझ्या घरात.

तपासणीला ती वेळेआधी आली. बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "तुझ्यासाठी आले हं मी. तुझ्या हातांना आराम पडेल असं काहीतरी निघू दे यातून."

त्याचाही मला राग आला. माझ्या दुखण्याला उतार पडायचा तोसुद्धा हिच्या उपकारानं!

बोटं जड झाल्यापासून टोचायचं काम माझ्याकडून हळूहळू काढून घेतलं होतं. कुणी तसं बोललं नव्हतं, एवढंच. मी म्हटलं, "नर्सबाई टोचतील."

"छे. टोचायचं तर ताईनं. परक्या हाताची सुई मी घेणार नाही."

शिशाच्या डब्यातून सिरिंज काढली, हातमोजे चढवले. पहिल्यांदा शीर हुकली. दुसऱ्यांदा लागली. चिमीनं ओठ दाबून धरला आणि मग हसली.

"लहानपणी माझ्या पायात काटा गेला की तू काढायचीस. काट्यापेक्षा मला तुझाच धसका असायचा."

तासाभरानं ती टेबलावर निजली. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून दोन्ही हात पोटावर. लहानपणापासून ती तशीच झोपते. मी पट्टा बांधला, दार लावलं आणि काचेपलीकडे येऊन बसले.

पडद्यावर शरीर हळूहळू उतरत येतं. यकृत फिकट, मूत्राशय उजळ, कारण औषध त्याच वाटेनं बाहेर पडतं. बाकी सगळा राखेचा रंग. निरोगी माणूस असाच दिसतो. मी हाताशी असलेला डबा उघडून एक बिस्कीट काढलं. तेवढ्यात पोटावरचे हात आले.

पाच ठिपके. एकावर एक ठेवलेल्या हातांमध्ये ते गोंधळात टाकत होते, म्हणून मी चित्र फिरवून हात वेगवेगळे केले. उजव्या तर्जनीचं मूळ. मधल्या बोटाचं मूळ. डाव्या अंगठ्याचं मूळ, डावं मनगट. डाव्या करंगळीचं मधलं पेर.

मी पुन्हा मोजले. मग माझी नजर खाली गेली, मांडीवर पडलेल्या माझ्या स्वतःच्या हातांकडे.

३

आमच्याकडे यंत्रांची शहानिशा करणारे एक भौतिकतज्ज्ञ आहेत. त्यांना सगळे मोजमाप म्हणतात, कारण ते चहासुद्धा खुणेपर्यंत ओततात. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "सांडलंय. औषध हातावर सांडलंय."

मलाही तेच वाटलं. म्हणजे तेच वाटावं असं वाटलं. चिमीला दोनदा साबणानं हात धुवायला लावले. मोजमापांनी तिच्या बोटांवरून मीटर फिरवला, हातमोजे तपासले, टेबलावरची चादर बदलली. मग पुन्हा स्कॅन.

पाचही ठिपके जागच्या जागी.

"वरून लागलेलं नाही," मोजमाप म्हणाले. "सांध्याच्या आत आहे." मग त्यांनी नाव, क्रमांक, तारीख ताडून पाहिली आणि हसत म्हणाले, "तुमचंच जुनं चित्र तर लावलं नाहीत ना?"

"माझं कुणी काढलंय कधी?" मी म्हटलं. ते खरंच होतं.

डॉक्टरबाईंनी चिमीचं एकेक बोट दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत," चिमी म्हणाली.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "वरून काहीच नाही. पण ट्रेसर खरं सांगत असेल, तर आजार दिसायच्या आधीची पायरी आपण बघतोय. तुमच्या घराण्यात आहेच. रक्त तपासून लगेच औषध सुरू केलं तर तो तिथेच थांबेल. तिला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगते. घरचंच माणूस आहे."

चिमी बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. दोन झटक्यांत गाठ, तिच्या पद्धतीची. "काय गं, झाले ना पास?"

"अगदी पहिल्या नंबरानं," मी म्हटलं.

घरी जाताना वाटेत मी कारणं गोळा केली. ती घाबरेल. एका चित्रावर काय विश्वास ठेवायचा. तीन आठवड्यांनी पुन्हा काढायचंच आहे, तेव्हा खात्रीनं सांगू. सगळी चांगली कारणं होती, आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं. तो पडदा बघताना मला गोड वाटलं होतं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं, तसं आत गार वाटत गेलं होतं. आता कळेल, असं मनात आलं होतं. आता कळेल तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातच मी हजेरी घेतली. पाचांपैकी एकानंही "हजर" म्हटलं नाही. मी मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. टबातलं पाणी तसंच निवून गेलं.

४

रविवारी मी चिमीकडे गेले. दुकान अर्धा दिवस उघडं होतं. खालून कात्रीचा आवाज वर स्वयंपाकघरापर्यंत येत होता. तिच्या कात्रीला एक चाल आहे. तीनदा भराभर, मग थोडं थांबून एकदा.

आई टेबलापाशी मधाची बाटली घेऊन झगडत होती. "हे झाकण कुणी लावलंय कोण जाणे. चिमी आली की काढेल."

मी बाटली हातात घेतली आणि एका पिळात झाकण काढलं.

आईनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू काढलंस?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"बरं वाटतंय वाटतं हल्ली. चेहराही उजळलाय." एवढं म्हणून तिनं लगेच पुस्ती जोडली, "चिमीचाच जरा उतरलाय बघ. खूप काम पडतं तिला. काल म्हणत होती, कात्री जड लागते."

माझं बरं वाटणं अर्ध्या वाक्यात संपलं होतं. चिमीचं उतरणं चहा होईपर्यंत पुरलं. ती रात्री नीट झोपत नाही, ती कुणाला नाही म्हणत नाही, तिनं आता एक मदतनीस ठेवायला हवी. मी कपातला चमचा फिरवत राहिले. सहा वर्षं माझी बोटं सकाळी मिटत नव्हती, तेव्हा आई म्हणायची, "जरा हालचाल ठेवत जा गं."

खाली कात्री थांबली. तीनदा वाजली, आणि थोड्या थांब्यानंतर जे एकदा वाजायचं, ते वाजलंच नाही. फरशीवर काहीतरी धातूचं पडलं. मग चिमीचं हसू, गिऱ्हाइकाचं हसू.

मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत मला जाणवलं की टेबलाखाली माझा उजवा हात हलतोय. अंगठा आणि मधलं बोट जवळ येत होतं, लांब जात होतं. तीनदा भराभर. थोडं थांबून एकदा.

मी डाव्या हातानं उजवा धरून ठेवला. मनाशी म्हटलं, कानात बसलेली चाल असते, आपोआप ठेका धरला जातो. त्यात काय एवढं?

निघताना चिमी दाराशी आली. तिनं माझे हात हातात घेतले आणि एकदम सोडले.

"किती गार आहेत गं तुझे हात."

सांगायची वेळ तीच होती. मी चप्पल घातली.

५

पुढच्या दोन आठवड्यांत विभागात माझं बस्तान पुन्हा बसलं. एकदा नर्सबाई रजेवर होत्या म्हणून मी सुई हातात घेतली, आणि रुग्णाला कळलंसुद्धा नाही. "झालं?" त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी सुई मीच टोचावी असा हट्ट धरला. "या बाईंचा हात हलका आहे," ते सगळ्यांना सांगत सुटले. एकोणीस वर्षांत माझ्या हाताबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी घरी जाताना ते वाक्य चघळत जायचे.

फक्त हातांवर लक्ष ठेवावं लागे. कामात असले की ठीक. रिकामे असले की ते काहीतरी शोधत.

औषध टोचून झाल्यावर रुग्ण ज्या खोलीत निजतात, तिथे एकदा मी एका म्हाताऱ्या बाईंची चादर सारखी करायला गेले. खोलीत मंद दिवा असतो, वातानुकूलनाची घरघर असते, दुसरं काही नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मी भानावर आले तेव्हा माझी बोटं त्या बाईंच्या केसांत होती. केसांचे भाग पाडून, एकेक बट दोन बोटांच्या चिमटीत धरून, टोकापर्यंत ओढून, लांबी जोखत होती. मी कधी कुणाचे केस कापलेले नाहीत.

मी हात मागे घेतला. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "का थांबलात? बरं वाटत होतं."

तीन आठवडे झाले. चिमी दुसऱ्या तपासणीला आली ती बिननाडीचे बूट घालून. कोटाचं बटण तिनं मला लावायला सांगितलं.

"कामाचा ताण आहे, दुसरं काय," ती म्हणाली. "सकाळी जरा आखडतात. तुझं असंच सुरू झालं होतं का गं?"

"माझं वेगळं," मी म्हटलं.

या खेपेला शीर पहिल्या फटक्यात लागली. चिमी चकित झाली. "अगं, कळलंच नाही मला!" तिच्या तोंडून ती तारीफ ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले होते.

पडद्यावर हात आले तेव्हा मला पडद्याचा उजेड कमी करावा लागला. पाच निखारे. चिमीनं हात पोटावर घेतले नव्हते. मिटत नाहीत म्हणाली. ते टेबलाच्या दोन्ही कडांशी वाकडे पडले होते.

डॉक्टरबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "औषध घेतेय ना ती?"

"घेतेय."

"मग हे वाढलं कसं? रक्ताचा अहवाल कुठे आहे?"

"आणते म्हणाली."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिचा नंबर द्या. मी स्वतः बोलते." मी नंबर दिला. एक आकडा चुकवून द्यावा असं मनात आलं होतं. पण नंबर अर्जावर होताच.

६

त्याच आठवड्यात दुपारी एक रुग्ण आला नाही आणि त्याच्यासाठी आणलेलं औषध उरलं. मी डॉक्टरबाईंना म्हटलं, तुलनेसाठी माझंही एक चित्र काढू. आजार माहीत असलेलं माणूस आहे, ट्रेसरची परीक्षा होईल. त्यांनी विचार करून होकार दिला. खरं तर मला बघायचं होतं. आजार बरा झालाय की कुठेतरी गेलाय, हे मला बघायचं होतं.

यंत्र मोजमाप चालवणार होते. त्यांनी माझे हात शरीराच्या दोन्ही बाजूंना सरळ ठेवले, तळवे खाली, आणि वरून पट्टा आवळला. "वीस मिनिटं. हलायचं नाही. तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

एकोणीस वर्षं मी लोकांना त्या नळीत सरकवलं, आत कधी गेले नव्हते. आत आवाज वेगळा येतो. बाहेरून जी एकसुरी घरघर वाटते, तिच्या तळाशी आत एक बारीक लय असते. मी छताकडे बघत पडून होते. हात पट्ट्याखाली होते. चादरीचा खरखरीतपणा तळव्यांना लागत होता, हे मी शपथेवर सांगेन.

वीस मिनिटांनी टेबल बाहेर आलं. मोजमापांनी पट्टा सोडला आणि मी उठून बसले. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. पडद्यासमोर जाऊन ते उभेच राहिले. बसले नाहीत.

"अभिनंदन," ते म्हणाले. "कुठेही दाह नाही. एक ठिपका नाही." त्यांनी घसा खाकरला. "मध्ये हात काढलेत का?"

"नाही. तुम्हीच बांधले होते."

"हो. सोडला तोही मीच."

मी जवळ गेले. पडद्यावर राखेच्या रंगाची एक बाई निजली होती. खांदे माझे, आखूड मान माझी. दोन्ही हात पोटावर होते. उजवा अंगठा डाव्या मुठीत.

बोटं माझ्या बोटांपेक्षा निमुळती होती. आणि दोन्ही मनगटांवर एक बारीक रेघ होती, भोवतालच्या अंधारापेक्षा थोडी जास्त काळी, दोऱ्यानं काचल्यासारखी. मी चित्र मोठं करायला हात पुढे केला. मोजमापांनी माझ्या आधी ते चित्रच बंद केलं.

"हलल्यावर असं होतं कधीकधी," ते म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : रुग्ण हलला. हा माणूस टेबलाच्या पायाखालच्या घडीच्या कागदाचीसुद्धा जाडी मोजतो. त्यानं त्या चित्रावर एकही माप घेतलं नाही. माझ्या हातांकडेही पाहिलं नाही. टेबलावरची कात्री मात्र त्यानं उचलून खणात टाकली.

मी प्रसाधनगृहात जाऊन दार लावलं. नळाखाली हात धरले. पाणी गरम की गार ते कळत नव्हतं. भीती वाटली का? वाटली. परत द्यावं असं मनात आलं का? आलं, नळ बंद करेपर्यंत होतं. मग मी हात पुसले, बोटं एकेक करून ताणली, आणि मला वाटलं, माझी आहेत. सहा वर्षं मी सोसलं. तिनं एकदा सोसलं तर काय बिघडतं?

७

त्या शनिवारी दुपारी मी चिमीकडे गेले, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. जिन्यात कसलाच आवाज नव्हता. दार ढकललेलं होतं.

चिमी सोफ्यावर बसली होती. मांडीवर उशी, उशीवर हात. बोटं एका बाजूला झुकून फुगली होती, डाव्या मनगटाला पट्टी. मी ते हात ओळखले. सहा वर्षं रोज सकाळी पाहिले होते. पलीकडे खिडकीपाशी आई पाठमोरी बसली होती, केस मोकळे सोडून, डोळे मिटून, दुपारच्या उन्हात पेंगत.

"ये," चिमी हळूच म्हणाली. "तुला रोज असं दुखायचं? सहा वर्षं?"

मी मान हलवली.

"आणि मी तुला म्हणायचे, व्यायाम कर. पुस्तकं आणून द्यायचे व्यायामाची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीतच नव्हतं गं, ताई. चुकलं माझं."

हेच मला हवं होतं. कित्येक वर्षं झोपेतसुद्धा हवं होतं. ते समोर आलं आणि मला काही गोड लागलं नाही. तोंड कोरडं पडलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "पहिल्या तपासणीत काही दिसलं होतं का माझ्या हातांत?"

"नाही," मी म्हटलं. "काही नव्हतं."

चिमीनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. अश्रू गालावर तसेच होते. ते पुसायला तिचा हात उठत नव्हता.

"डॉक्टरबाईंचा फोन आला होता सकाळी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "सगळं सांगितलं त्यांनी. तुझ्या चित्राचंही विचारत होत्या, मोजमाप म्हणून कुणी आहेत, ते दोन दिवस कामावर आलेले नाहीत म्हणे."

तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि माझ्या हातांवर थांबली. ते पोटाशी जुळलेले होते, उजवा अंगठा डाव्या मुठीत. मी ते तसे धरले नव्हते. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पुन्हा माझ्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काय होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. हरवलेलं पोर परक्या बाईच्या कडेवर दिसावं, तशी ती बघत होती.

खिडकीपाशी बसूनच आईनं हाक मारली. "चिमे, विंचरतेस ना? किती वेळ बसवून ठेवलंयस."

चिमीनं हनुवटीनं मला फणी दाखवली. "जा," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "ते तिकडेच जाणार आहेत."

आणि खरंच मी चालू लागण्याआधी हात पुढे झाले. आईचे केस पांढरे, विरळ, मऊ. बोटांनी भांग पाडला, गुंता खालून वर सोडवत आणला, एक केसही न ओढता. मी नुसती मागे उभी होते. आईच्या खांद्यांमधला ताण उतरत गेला. तिनं डोळे मिटूनच हात मागे आणला, माझी बोटं चाचपली, एकेक करून कुरवाळली आणि गालाशी धरली. माझ्या उभ्या जन्मात तिनं माझा हात असा कधी धरला नव्हता.

"आता बरं वाटलं," ती म्हणाली. "तीन दिवस म्हणत होतीस होत नाही, होत नाही. हा हात मी ओळखणार नाही होय, चिमे?"

तिनं माझी बोटं गालावर आणखी घट्ट दाबली.

"आणि ताई कुठे राहिली? यायची होती ना आज?"

मी चिमीकडे वळून पाहिलं. तिनं सांगावं म्हणून पाहिलं. ताई इथेच आहे, तुझ्या मागे उभी आहे, एवढंच तिनं म्हणावं. सोफ्यावरून ती माझ्याकडे शांतपणे बघत होती, उशीवर ते दोन सुजलेले हात घेऊन.

"नाही, आई," चिमी म्हणाली. "ताई आली नाही."

"बरं," आई म्हणाली. आवाज पाठीमागून आला की सोफ्यावरून, इकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिनं माझा हात सोडला आणि मान मागे टाकली. हात पुन्हा तिच्या केसांत गेले. मी त्यांना सांगितलं नव्हतं.